नव्या अंमलातील जुनी हत्यारे (चित्रफितीची कारागिरी : लेखांक सहावा)

नवा संगणक घेताना कोणत्या गोष्टी पारखाव्यात, याचा विचार आपण गेल्या लेखांकात केला. तो संगणक दुकानात दाखल झाल्यानंतर जो खरा पेच उभा राहतो, त्याचा परामर्श आज घ्यावयाचा आहे. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना प्रवेशच देत नसल्यामुळे उदगीर, देगलूर, अहमदपूर अशा गावांतून लग्नसराईवर गुजराण करणाऱ्या शूटिंगवाल्यांना सुस्थितीतील यंत्रेही बदलणे भाग पडू लागले. परंतु ज्याचा हात वर्षानुवर्षे एडियस ६ वर किंवा प्रीमियरच्या एखाद्या जुन्या आवृत्तीवर बसलेला आहे, तो नव्या यंत्रावर प्रथम तेच सॉफ्टवेअर चढवतो. ते एक तर उघडत नाही, उघडले तर ऐन रेंडरच्या वेळी बंद पडते, आणि मग संगणकच सदोष निघाला असा निकाल देऊन तो विक्रेत्याच्या दारी तगादा लावतो.

वस्तुतः सॉफ्टवेअर झिजत नाही आणि बिघडतही नाही. ज्या व्यवस्थेच्या भरवशावर ते रचले गेले, ती व्यवस्था त्याच्याभोवतीची निघून जाते. मराठवाड्यातील वाचकाला याचा दाखला दूर शोधावयास नको. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता. पुढे २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातील जुनी दप्तरे हाती येऊनही त्यांतील उर्दू व मोडी मजकूर लावण्यासाठी जाणकारांची गरज पडली. कागद शाबूत होता, त्यावरील शाईही शाबूत होती. पालटला होता तो अंमल. जुन्या सॉफ्टवेअरची नव्या संगणकावर नेमकी हीच गत होते, आणि म्हणून त्याच्या निदानाचा पहिला नियम असा की, दोष कोणता हे विचारण्यापूर्वी तो कोणत्या पायरीवर प्रकट होतो हे पाहावे.

सॉफ्टवेअर बसवतानाच अडत असेल, तर कारण बहुधा पिढीचे असते. विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांची प्रणाली असून ३२ बिटांची सॉफ्टवेअरे ती चालवून घेते, १६ बिटांची मुळीच नाही; आणि विंडोज ९८ च्या काळातील कित्येक सॉफ्टवेअरे स्वतः ३२ बिटांची असूनही त्यांची बसवणारी फाइल मात्र १६ बिटांची असे, त्यामुळे ती नव्या यंत्रावर आरंभीच नाकारली जातात. त्यानंतरच्या काळातील सॉफ्टवेअरे बसतात, परंतु त्यांना ‘डॉट नेट ३.५’ किंवा क्विकटाइम यांसारख्या साह्यकांची अपेक्षा असते. पैकी पहिले विंडोजच्याच ‘विंडोज फीचर्स’ या यादीतून सुरू करता येते. दुसऱ्याचा विंडोजवरील सांभाळ ॲपलने २०१६ मध्येच सोडून दिला असल्यामुळे, ते ज्या संगणकावर घालाल त्याला इंटरनेट जोडू नये, हेच श्रेयस्कर. ज्यांची प्रत अधिकृत नाही त्यांना आणखी एक विघ्न भोवते : कुलूप फोडण्यासाठी घातलेली फाइल विंडोजचा पहारेकरी न विचारता उचलून नेतो, आणि काल चालणारे सॉफ्टवेअर आज का उघडत नाही, याचा उलगडा मालकाला होत नाही.

बसलेले सॉफ्टवेअर उघडत नसेल, किंवा केलेल्या सेटिंग्ज दुसऱ्या दिवशी विसरत असेल, तर प्रश्न परवानगीचा समजावा. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरात वाटेल त्याने लिहिण्यास मनाई झाली. जुनी सॉफ्टवेअरे मात्र आपले टिपण तेथेच ठेवू पाहतात. त्यांच्या चिन्हावर उजवी कळ दाबून, प्रॉपर्टीजमधील ‘कंपॅटिबिलिटी’च्या पानावर विंडोज ७ निवडावे आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवण्याची खूण करावी, म्हणजे पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात. नव्या पडद्यावर बटणे मोहरीएवढी दिसत असतील, तर त्याच पानावरील ‘हाय डीपीआय’ची निवड बदलून पाहावी. फोल्डरांना देवनागरीत नावे देण्याची आपली सवयही येथे आड येते. युनिकोडपूर्व धाटणीच्या सॉफ्टवेअरला ‘हळद’ किंवा ‘वरात’ नावाचा फोल्डर सापडतच नाही, म्हणून कामापुरती नावे रोमन अक्षरांत ठेवावीत.

चित्र अडखळत चालत असेल, तर ग्राफिक्स कार्डाकडे वळावे. २०१० च्या प्रीमियर सीएस ५ पासून सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या, त्यांच्या सोबत येणाऱ्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत ज्या कार्डांची नावे लिहिलेली, तेवढ्याच कार्डांच्या वेगाचा लाभ घेत; त्यानंतर निघालेले कार्ड कितीही सामर्थ्यवान असले तरी यादीत नाव नाही म्हणून तिष्ठत राही. त्या फाइलीत नव्या कार्डाचे नाव हाताने दाखल करण्याची युक्ती जाणत्या कारागिरांत रूढ होती. तथापि अगदी अलीकडच्या कार्डांना ती लागू पडेलच असे नाही, आणि न पडल्यास ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ हा मार्ग पत्करून संथपणे काम उरकावे. स्मृतीचीही मर्यादा अशीच आहे. ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरला साधारणतः दोन जीबीपलीकडची रॅम वापरता येत नाही. यंत्रात सोळा जीबी असली तरी उरलेली त्याच्या उपयोगाची नसते. एडियस सातव्या आवृत्तीत, आणि प्रीमियर सीएस ५ मध्ये, ६४ बिटांचे झाले. त्याआधीच्या आवृत्त्यांवर काम करणाऱ्याने अख्खे लग्न एकाच टाइमलाइनवर न पसरता हळद, परण्या, अक्षता, वरात असे स्वतंत्र प्रोजेक्ट करावेत आणि तयार भाग अखेरीस जोडावेत.

सर्वांत फसवा दोष चित्रणातून येतो. आजकाल वधूकडील पाहुणे आपल्या मोबाइलवरील चित्रण आणून देतात आणि तेही मिक्सिंगमध्ये घालण्याचा आग्रह धरतात. त्यातील पुष्कळसे चित्रण एच.ई.व्ही.सी. या २०१३ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीने दाबलेले असते, जिची जुन्या सॉफ्टवेअरला गंधवार्ताही नाही. आणि जे वाचले जाते, त्यातही मोबाइलने प्रकाशानुसार चौकटींचा वेग कमीअधिक केलेला असतो. जुने सॉफ्टवेअर वेग एकसारखा धरून चालते. परिणामी आरंभी जुळलेला आवाज पुढेपुढे चित्रापासून सरकत जातो, आणि भटजींचे ओठ मिटल्यावर ‘सावधान’ ऐकू येते. असे चित्रण प्रथम हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून, ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, सेकंदाला २५ चौकटींच्या एच.२६४ फाइलीत रूपांतरित करून घ्यावे. थोडा वेळ जातो, परंतु पुढचा सारा मनस्ताप टळतो.

मराठी शीर्षकांचा प्रश्न तर खास आपला. युनिकोडात ‘चि’ हे अक्षर साठवताना आधी च आणि मागून वेलांटी साठवली जाते. पडद्यावर काढताना ती वेलांटी उचलून पुढे आणण्याचे काम सॉफ्टवेअरने करावयाचे असते. जुन्या टायटलरांना ते अवगत नाही; म्हणून ‘चि. सौ. कां.’ लिहिताच वेलांटी च च्या उजवीकडे जाऊन बसते, आणि ‘श्री’चे तुकडे होऊन पाय मोडलेला श व सुटा र वेगळे उभे राहतात. हे टाळण्यासाठीच श्रीलिपीसारखे फाँट वापरात आले, ज्यांत प्रत्येक आकार इंग्रजी कळांवर बसवलेला असे. परंतु त्याचाच उलट परिणाम असा की, फाँट बरोबर न नेता जुना प्रोजेक्ट नव्या संगणकावर उघडला, तर वधूवरांच्या नावांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. जुन्या यंत्रातील फाँट आधी नवीन यंत्रावर न्यावेत. नवी शीर्षके मात्र एखाद्या अद्ययावत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडात लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीची पी.एन.जी. करून टाइमलाइनवर ठेवावीत.

इतके करूनही जमत नसेल, तर हट्ट सोडावा आणि जुने यंत्र, इंटरनेट तोडून, जुन्या कामापुरते राखावे. नवे काम नव्या सॉफ्टवेअरवर शिकावे. मात्र जुने यंत्र अमर नाही, म्हणून ते चालते आहे तोवरच त्यातील काम सुरक्षित करावे. त्यासाठी नुसती प्रोजेक्ट फाइल पुरत नाही, कारण प्रोजेक्ट फाइल ही चित्रफीत नव्हे. ती केवळ कोणता तुकडा कोठे जोडावा याची याद असते, आणि ती याद ज्या सॉफ्टवेअरने लिहिली त्यालाच सुखाने वाचता येते. ई.डी.एल. हा जुना सर्वमान्य नमुना मात्र नोटपॅडमध्येही उघडतो : कोणत्या कॅसेटचा तुकडा, कोठून कोठपर्यंत, कोणत्या क्रमाने, हे त्यात ओळीओळीने नोंदलेले असते. शीर्षके आणि बहुतेक इफेक्ट त्यात उतरत नाहीत, पण कामाचा सांगाडा वाचतो.

कॅसेट, फायरवायर आणि कॅसेटवरील चित्रण नव्या संगणकात उतरवण्याची तजवीज, हा पुढील लेखांकाचा विषय. तोवर वाचकांना एवढीच विनंती की, जुना संगणक बदलीत देण्यापूर्वी त्यातील प्रत्येक महत्त्वाच्या कामाची उत्तम दर्जाची तयार चित्रफीत, ई.डी.एल., मूळ चित्रण आणि फाँट अशा चार गोष्टी दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कांवर उतरवून घ्याव्यात, आणि नव्या यंत्रावर त्या उघडतात याची रुजवात घातल्याखेरीज जुने यंत्र दुकानाबाहेर जाऊ देऊ नये.