तुरुंगातून आलेले आनंदाचे पत्र

रात्री तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. घराच्या कर्जाचा हप्ता, मुलीचा निकाल, आईच्या तपासणीचा रिपोर्ट, कंपनीत चाललेली नोकरकपातीची कुजबुज, सगळे एकामागून एक उशाशी येऊन बसतात. अशा माणसाला ‘काळजी करू नकोस’ म्हणणे सोपे असते, आणि त्याच्या काही कामाचे नसते. पण ख्रिस्ती धर्मशास्त्र नेमके हेच सांगते. प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले, प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत सांगितले. तेव्हा हे सांगणाऱ्यांनी ते कशाच्या जोरावर सांगितले, हे तपासणे भाग आहे. ते तपासल्यावर मला जे दिसते ते असे: हा विश्वास काळजीचे कारण काढून घेत नाही आणि मन बधिरही करत नाही. तो माणसाच्या आनंदाचा पाया अशा जागी नेतो, जिथे उद्याचा हात पोहोचत नाही. हे एका प्रार्थनेत होत नाही. ते शिकावे लागते, सावकाश, आणि बहुधा एकट्याने शिकता येत नाही.

याचा जुना आणि भक्कम पुरावा म्हणजे पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र. चार छोटे अध्याय, शांतपणे वाचले तरी अर्ध्या तासात संपतात. एवढ्याशा मजकुरात आनंद आणि आनंद करणे या अर्थाचे शब्द सोळा-एक वेळा येतात. पत्र लिहिले आहे तुरुंगातून. रोम, इफिस की कैसरिया, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण बेड्या पडल्या आहेत, खटल्याचा निकाल लागायचा आहे आणि तो मृत्युदंडाचा असू शकतो, हे पत्रातच स्पष्ट आहे. त्या काळी कैद्याच्या अन्नवस्त्राची सोय बहुतेक बाहेरच्या आप्तमित्रांनाच पाहावी लागे. फिलिप्पैच्या ख्रिस्ती मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर मदत पाठवली. तो पौलाकडे आला आणि इतका आजारी पडला की वाचतो की नाही अशी पाळी आली. तो बरा झाल्यावर पौलाने त्याला घरी परत पाठवले, आणि त्याबद्दल जे लिहिले ते वाचताना थबकायला होते. हा गेला असता तर माझ्या दुःखावर आणखी एक दुःख आले असते, आणि आता तो सुखरूप पोहोचला की माझाही घोर कमी होईल, अशा अर्थाचे तो लिहितो. आनंद करा म्हणून सांगणारा माणूस त्याच पत्रात आपल्याला घोर लागला होता हे कबूल करतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर मंडळ्यांची काळजी रोज आपल्यावर दाटून येते, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

ही विसंगती नाही. मूळ ग्रीक शब्द पाहिला की उलगडा होतो. चौथ्या अध्यायात कशाचीही काळजी करू नका म्हणताना पौल जे क्रियापद वापरतो, तेच त्याने दुसऱ्या अध्यायात आपला सहकारी तीमथ्य याची स्तुती करताना वापरले आहे. तुमची मनापासून काळजी वाहणारा याच्यासारखा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही, असे तो तिथे म्हणतो. मराठीतही हे जमते: काळजी करणे आणि काळजी घेणे, शब्द एकच. एका काळजीत माणूस स्वतःभोवती फिरत राहतो, दुसरीत तो दुसऱ्याच्या दाराशी जाऊन उभा राहतो. पौल काळजी करायची शक्तीच मारून टाका असे सांगत नाही. आपले ओझे विनंती करून, आभार मानून देवापुढे उतरवा आणि मोकळे झालेले हात शेजाऱ्यासाठी वापरा, असे सांगतो. मग जी शांती येते तिच्यासाठी त्याने शब्दही फौजी निवडला आहे. ती तुमच्या मनावर पहारा ठेवील, असा त्याचा भाव. फिलिप्पै हे इसवी सनपूर्व 42 च्या लढाईनंतर निवृत्त रोमी सैनिकांना जमिनी देऊन वसवलेले शहर होते. पहारा म्हणजे काय हे तिथल्या पोराबाळांनाही ठाऊक असणार. पहारा बसतो तो वेढ्याची भीती असते तिथेच. म्हणजे पौलाने कबूल केलेली शांती ही वेढ्यातल्या शहराची शांती आहे.

आभाराचा मुद्दाही जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण तो फार सवंग केला जातो. वाईटातही चांगले बघा, असा तो हसरा उपदेश नाही. प्रभुभोजनाला ग्रीकमध्ये ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थच आभार मानणे असा आहे, आणि येशूने भाकर हातात घेऊन हे आभार मानले ते पकडले जाण्याच्या रात्री. त्यानंतर थोड्याच वेळात गेथशेमाने बागेत त्याची काय अवस्था झाली हे शुभवर्तमानांनी लपवलेले नाही. मरणप्राय खिन्नता, शिष्यांना जागे राहण्याची विनवणी, आणि लूकच्या वर्णनात रक्ताच्या थेंबांसारखा गळणारा घाम. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तोच भीतीने असा घामाघूम झालेला दिसतो. म्हणून ज्याला धास्ती वाटते त्याचा विश्वास कमी, असे म्हणण्याची सोय निदान ख्रिस्ती माणसाला राहत नाही. माझ्या मते या धर्माने चिंताग्रस्त माणसाला दिलेला सर्वांत मोठा आधार हाच आहे. त्याचा देव त्या रात्रीतून गेलेला आहे.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. सुखदुःख समान मानणारा स्थितप्रज्ञ आपल्याला गीतेने दिलाच आहे, ग्रीक-रोमन जगात स्टोइक तत्त्वज्ञ तेच शिकवत होते, मग यात नवे ते काय? पौलाला ही तुलना ठाऊक होती असे वाटते. कारण कोणत्याही स्थितीत तृप्त राहायला शिकलो असे म्हणताना त्याने स्टोइकांचाच आवडता शब्द उचलला आहे. पण त्याला त्याने वळण दिले आहे. स्टोइकांचा ज्ञानी स्वतःत पुरेसा असतो. पौल तसा नाही. मला बळ देणारा दुसरा आहे, असे तो म्हणतो, आणि पुढच्याच वाक्यांत तुम्ही माझ्या अडचणीत वाटेकरी झालात हे बरे केलेत, असे सांगतो. मित्राच्या आजाराने तो हलतो आणि पत्र लिहिताना डोळ्यांत पाणी आल्याचेही नमूद करतो. माया कमी करून मिळवलेली ही शांती नव्हे. माया तशीच ठेवून मिळवलेली आहे, म्हणून तिला किंमत जास्त मोजावी लागते.

महाराष्ट्रात याची परीक्षा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात झाली. त्यांचे चरित्र या विषयाच्या दृष्टीने पुरेसे वाचले गेलेले नाही, असे मला वाटते. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या आत वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले आणि दोन वर्षे पुरी व्हायच्या आत तेही पटकीने गेले. पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इतक्या दुःखानंतर धर्म सापडला आणि शांती मिळाली, अशी गोष्ट इथे संपवता आली असती. रमाबाईंनी ती तशी संपवली नाही. पुढे 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ लिहिले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तोवर त्यांनी मते तपासली होती, वाद घातले होते, ग्रंथ वाचले होते. अभाव होता तो भरवशाचा. हा कबुलीजबाब मला मोलाचा वाटतो, कारण धर्म बदलला की मन बदलते, हा भोळा समज त्याने मोडतो.

आणि तो भरवसा आल्यानंतर रमाबाईंच्या अडचणी कमी झाल्या का? उलट वाढल्या. 1893 मध्ये पुण्यात त्यांच्या शारदासदन या मुलींच्या शाळेवर धर्मांतराच्या आरोपाचे वादळ उठले, सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले, पालकांनी मुली काढून नेल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, आणि ज्या भुकेने आपली माणसे नेली तिच्याच तोंडातून मुली सोडवून आणू लागल्या. आधी शेकडो, पुढे हजारावर. केडगावच्या माळरानावर त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, शेती केली, शाळा आणि छापखाना उभा केला. धर्म म्हणजे अफूची गोळी, दुःख विसरायला लावणारी, हा कार्ल मार्क्सचा आक्षेप जुना आहे आणि काही ठिकाणी खराही ठरला आहे. लोकांना गप्प ठेवण्यासाठी शांतीचा उपदेश वापरला गेला आहे, ख्रिस्ती देशांतसुद्धा. पण अफू घेतलेला माणूस विहीर खणत नाही. कोणाची शांती खरी हे ओळखायचे असेल तर ती त्याला घरात बसवते की बाहेर काढते, हे बघावे.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसरा आहे. नैराश्य आणि चिंताविकार हे आजार आहेत. अशा माणसाला प्रार्थना कमी पडते आहे, असे मंडळीतल्या कोणी सांगितले तर ते क्रूरपणाचे ठरते, आणि असे सांगितले जाते हे नाकारण्यात अर्थ नाही. लंडनचे नामांकित उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांच्या सभेत 1856 मध्ये चेंगराचेंगरी होऊन सात माणसे मेली. पुढे आयुष्यभर त्यांना खिन्नतेचे झटके येत राहिले आणि त्यांनी ते व्यासपीठावरून लपवले नाहीत. कवी विल्यम कूपर यांनी इंग्रजीतली काही अतिशय सुंदर भक्तिगीते लिहिली, आणि तरी देवाने आपल्याला टाकले आहे या भ्रमातून ते शेवटपर्यंत सुटले नाहीत. यांचा विश्वास खोटा होता असे कोण म्हणेल? खुद्द बायबलमधले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. आणि एलीयाची कथा तर या बाबतीत आदर्श म्हणावी अशी आहे. जिवाला कंटाळलेला हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तो प्रवचन करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो, ऊठ, खा, म्हणतो, आणि पुन्हा झोपू देतो. मग पुन्हा उठवून खायला घालतो. देवाशी बोलणे होते ते पुष्कळ दिवसांनी. अन्न, पाणी, झोप आणि औषध यांना विश्वासाच्या विरोधात उभे करणे शास्त्राला धरून नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले ते याच विश्वासापोटी. तेव्हा कोणी झोप लागत नाही, जीव घुसमटतो म्हणाले, तर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी आधी डॉक्टरकडे न्यावे, आणि प्रार्थना करायची ती त्याच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून.

शेवटचा आक्षेप सुशिक्षितांचा: हा सगळा मनाचा खेळ आहे, कोणत्याही श्रद्धेने तेच साधेल. यात तथ्य आहेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या आधाराने ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत, आणि विठोबावर भार टाकून वाट चालणाऱ्या वारकऱ्याला पौलाचे पत्र परके वाटणार नाही. संशोधनही काही सांगते. अमेरिकेतल्या सुमारे 90 हजार परिचारिकांचा 1996 पासून 2010 पर्यंत पाठपुरावा करणारा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर आठवड्याला उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये आत्महत्येचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एक पंचमांश आढळले. यातल्या बहुतेक कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट होत्या. यावरून देव सिद्ध होत नाही, आणि उपासनेमुळेच हे घडले असेही ठामपणे म्हणता येत नाही. पण मोजलेली गोष्ट होती माणसांत जाऊन बसणे, आणि आनंद एकट्याने शिकता येत नाही याच्याशी ती जुळते. तरीही मनाला बरे वाटते म्हणून विश्वास ठेवा, असे मी म्हणणार नाही. रमाबाईंनी आठ वर्षे तसे मानले असते तर त्या तिथेच थांबल्या असत्या. ख्रिस्ती माणसाचा दावा जास्त धाडसाचा आहे. वधस्तंभावर मेलेला उठला, आणि म्हणून मरणही शेवटचा शब्द नाही. हे खरे असेल तर पौलाचा आनंद ही वस्तुस्थितीची जाणीव ठरते, खोटे असेल तर ती चुकीची समजूत ठरते. याचा निकाल प्रत्येकाने लावायचा आहे. मी तो पौलाच्या बाजूने लावतो.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेल्या. आईचे काम पुढे चालवायला त्याच होत्या. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत भाषांतर करण्याच्या कामात होत्या. त्यांनी ते काम सोडले नाही. मुलीमागून नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी, त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण बायबल 1924 मध्ये केडगावच्या त्यांच्या छापखान्यातून बाहेर पडले. ज्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले गेले, तो दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी चालवला होता.