बाळू पालवणकरांचं करिअर नेमकं कधी सुरू झालं?

क्रिकेटची कुठलीही आकडेवारी उघडा. बाळू पालवणकर, प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 बळी, सरासरी साधारण 15. पहिला हंगाम 1905-06. आता जन्मसाल बघा: 1876. म्हणजे हा डावखुरा फिरकी गोलंदाज तिशीला टेकल्यावर खेळायला लागला? असं लिहून नेलंत तर गाईड तिथेच थांबवतील.

त्याआधीचं पुणं बघा. पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट आणि रोलर फिरवणं, महिना 3 रुपये. मग 1892 च्या सुमारास इंग्रजांच्या पूना क्लबात, थोड्या जास्त पगारावर. तिथे नेट बांधायचं आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. कॅप्टन ग्रेग आपली विकेट गेली की त्यांना आठ आणे द्यायचे, असं सांगतात. दंतकथा असेलही, पण हिशेब करून बघा: सहा विकेट म्हणजे पारशी क्लबातला अख्खा महिना! खेळून पैसे मिळवणारा तो व्यावसायिक, ही व्याख्या धरली तर करिअर इथेच सुरू झालं. बॅट मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही.

या वर्षांचं स्कोअरकार्ड नाही, कारण नेटमधल्या नोकराचं स्कोअरकार्ड कोण लिहिणार? पुढे पुण्यातल्या हिंदू क्लबाने त्यांना घेतलं, तेही वाद घालून, कारण ते चांभार समाजातले. मैदानावर चेंडू एकच, चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. सिलेक्शन बायस म्हणतो तो हाच. नोंद कुणाची होणार हे संघात कोण घेतं यावर ठरतं, आणि ज्यांना कधीच घेतलं नाही ते डेटात शून्य म्हणूनसुद्धा दिसत नाहीत. आजही गुंजवण्यासारख्या गावात कबड्डी खेळणारी मुलगी कागदावर कधी येते? जिल्ह्याच्या संघात नाव लागलं की.

उरलेले आकडेही जपून वापरा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले असं एकीकडे वाचाल, दुसरीकडे 75. दोन्ही बरोबर आहेत: पहिला सगळ्या सामन्यांचा, दुसरा फक्त प्रथम श्रेणीचा. आणि एक रकाना कोराच राहिला, हिंदू संघाच्या कर्णधारपदाचा. ते त्या घरात आलं 1923 मध्ये, धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे. तोवर बाळूंचं खेळणं संपलं होतं.