वर्षाला फक्त एक ट्रक

एक ट्रक डोळ्यांसमोर आणा. दहा टायरचा, कसारा घाटात कांदा घेऊन धापा टाकणारा, पंधरा टन मालाचा. असा एक ट्रक वर्षाला दोन बेटांवर येतो आणि रिकामा होतो. पुढच्या वर्षी आणखी एक. 1972 ते 1993, असं एकवीस वर्षं चालतं. सगळं मिळून वीसेक ट्रक, सुमारे 300 टन. मालगाडीचे म्हणाल तर जेमतेम पाच डबे. पाच! फाटकापाशी उभं राहून मोजायला लागलात तर बोट उचलेपर्यंत निघूनही जातील.

एवढ्याशा मालानं काय होणार, असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. घ्या कागद-पेन. शून्यं बरीच लागणार आहेत.

बेटं आहेत ग्वाडेलूप आणि मार्टिनिक. कॅरिबियन समुद्रातली, पण कारभार फ्रान्सचा. दोन्हींचं क्षेत्रफळ मिळून पावणेतीन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. माणसं साडेसात लाखांच्या आसपास. ज्वालामुखीची माती, धो धो पाऊस आणि डोंगरउतारावर केळीच केळी. त्या केळीच्या बुंध्याला पोखरतो एक सोंडकिडा. काळा, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा. त्याला मारायला आली क्लोरडेकोन नावाची भुकटी. कार्बनचे दहा अणू, क्लोरिनचे दहा, ऑक्सिजनचा एक, आणि सगळे मिळून बनलेला एक घट्ट पिंजरा. तो पिंजरा सहजासहजी मोडत नाही, एवढं रसायनशास्त्र आपल्याला पुरे.

एका झाडाच्या बुंध्याशी टाकायची भुकटी किती? 30 ग्रॅम. दोन-तीन चमचे. त्यात खरं विष फक्त 5 टक्के, म्हणजे दीड ग्रॅम. तीन शेंगदाण्यांच्या वजनाएवढं.

आता दुसऱ्या टोकाला या. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची कमाल मर्यादा आहे लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम. हा आकडा वाचून काहीच वाटत नाही, म्हणून रुपयांत करू. पाण्याचं वजन हजार कोटी रुपये धरलं, तर विषाला परवानगी एका रुपयाची. हजार कोटींच्या पुलाच्या हिशेबात एक नाणं कुठं घरंगळलं, ते शोधण्यातला हा प्रकार!

ही दोन टोकं जुळवा. एक ग्रॅम विष एक कोटी लिटर पाण्याला थेट मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. मग एका झाडाचं दीड ग्रॅम नेईल दीड कोटी लिटरला. वीस फूट रुंदीची, तीस फूट पाणी असलेली विहीर धरा. अशा पन्नासहून जास्त विहिरी. एका झाडामागं पन्नास विहिरी! गावात तेवढ्या असतात का?

विहिरी नकोत, टँकर घेऊ. उन्हाळ्यात आपल्याला तेच माप जास्त ओळखीचं. दहा हजार लिटरचे दीड हजार टँकर. एकेक आठ मीटर लांबीचा, नाकाला शेपूट लावून उभे केले तर बारा किलोमीटरची रांग. ही एका झाडाची. केळी आपण डझनावर घेतो, तर झाडंही डझनभर घ्या. रांग झाली 144 किलोमीटर. शेवटचा टँकर मुंबईत, पहिला पुण्याच्या वेशीवर, आणि अख्ख्या बोरघाटात दुसऱ्या गाडीला जागा नाही. बारा झाडं, अठरा ग्रॅम! पाच बाय पाच फुटांवर लावली तर एका एकरात सतराशेवर झाडं बसतात. दोन एकर पुरे, टँकर पृथ्वीला वेढा घालून पुन्हा सुरुवातीच्या जागेवर येतील.

आणि आपण अजून पहिल्या ट्रकमधला पहिला डबासुद्धा संपवलेला नाही.

थोडं थांबू. कारण हे बेटांवर चालू असताना बाकी जगाला ठाऊक नव्हतं, असं नाही. हे विष बनत होतं अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या होपवेल गावी. तिथल्या कामगारांचे हात थरथरायला लागले, 1975 मध्ये कारखाना बंद झाला, आणि शेजारची जेम्स नदी रिचमंडपासून चेसापीक उपसागरापर्यंत मासेमारीला बंद केली गेली. सुमारे 160 किलोमीटर. पुन्हा मुंबई-पुणे, वर थोडं जास्तच! ही बंदी तेरा वर्षं चालली. आणि 1981 मध्ये, म्हणजे नदी अजून बंदच असताना, फ्रान्सनं याच विषाला नव्या नावानं परवाना दिला. खुद्द फ्रान्समध्ये बंदी आली 1990 मध्ये. बेटांना मात्र 1993 पर्यंत सवलत. सवलत हा शब्द अशा ठिकाणीही वापरतात, हे मला इथं कळलं.

आता काळाचा आकडा. बेटांवरच्या सगळ्यात चिवट मातीतून हे विष धुऊन जायला 700 वर्षांपर्यंत लागू शकतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शिवराज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली. त्याच्या दुप्पट! महंमद तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली. त्याच्या माळ्यानं किल्ल्याच्या पायथ्याशी ही भुकटी पसरली असती आणि तिथली मातीही तशीच चिवट असती, तर ती आज कुठं संपत आली असती. 1993 मध्ये 700 मिळवा. 2693.

पण गंमत बघा, माणसाच्या रक्तात हेच विष साडेपाच महिन्यांत निम्मं होतं. पुन्हा पोटात गेलं नाही तर! ते जातं, कारण माती दर पावसाला थोडं थोडं सोडते. ओढ्यात, नदीत, कोळंबीत, माशात, कंदमुळांत. म्हणून पाण्याला कोळशाचे फिल्टर लागले, मार्टिनिकच्या नद्यांत मासेमारीला बंदी आली, किनाऱ्याजवळच्या समुद्राचे पट्टेच्या पट्टे बंद झाले. तरी दोन्ही बेटांवर प्रौढांच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त जणांत ते सापडलं. पंगतीला दहा बसले तर नऊ, आणि दहाव्याचीही खात्री नाही. 2006 मध्ये लोक कोर्टात गेले. सतरा वर्षांनी, जानेवारी 2023 मध्ये, कोणावरही खटला चालवायचा नाही, असा निर्णय झाला.

चला, आता सगळे पाचही डबे एकदम उघडू. सगळं विष विरघळलं असं धरायचं. खरं तर ते मातीलाच चिकटून बसतं, पण हिशेब कागदावरचा आहे. 300 टन निव्वळ विष म्हणजे 30 कोटी ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमला एक कोटी लिटर. तीनवर पंधरा शून्यं लिटर! मी तीनदा मोजली. टँकरची रांग होते 240 कोटी किलोमीटर: पृथ्वीवरून सूर्यापर्यंत जा, परत या, आणि अशा आठ फेऱ्या मारा. रांग नको, धरण घ्या. कोयना काठोकाठ भरली की सुमारे 105 टीएमसी. ऑगस्टमध्ये दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपण टीव्हीसमोर सरसावून बसतो, तीच कोयना. अशा किती कोयना? दहा? शंभर?

एक हजार!

आणि भारतातल्या सगळ्या नद्या, गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, तुमच्या गावामागचा ओढासुद्धा, मिळून वर्षाला जेवढं पाणी वाहून नेतात, त्याच्या दीडपट! वीस ट्रकांत.

सोंडकिडा अजून आहेच. आता त्याला वासाचं आमिष लावून सापळ्यात पकडतात.