राखणीच्या कुत्र्याच्या कानांची निगा

शेताची व मेंढवाड्याची राखण करणारा कुत्रा रात्री मुख्यतः कान व नाक यांवर विसंबून असतो. त्याच्या कानांची निगा राखणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कुत्र्याच्या कानाची नळी प्रथम खाली उतरते व नंतर आत वळते. पडदा त्या वळणापलीकडे असतो. काडी घातल्याने मळ अधिकच आत दडपला जातो व पडद्यास इजा होण्याचा संभव असतो.

आठवड्यातून एकदा कान उलटून पाहावा. निरोगी कान स्वच्छ व कोरडा असतो. मळ दिसल्यास, उकळून कोमट केलेल्या पाण्यात सुती फडके भिजवून व घट्ट पिळून दिसेल तेवढाच भाग पुसावा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. रॉकेल, फिनेल वा गरम तेल कानात मुळीच घालू नये.

डोके वारंवार झटकणे अथवा कलते धरणे, दुर्गंधी, पू किंवा अळ्या ही लक्षणे दिसताच कुत्र्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. दुखऱ्या कानास हात लावल्यास इमानी कुत्राही चावतो. तसे झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी व विलंब न करता डॉक्टरांकडून रेबीज-प्रतिबंधक लस घ्यावी. ग्रामसेवकांनी ही गोष्ट पशुपालकांच्या मनावर बिंबवावी.