‘दऱ्या’ अडल्या कुठे?

काचीगुडा स्टेशनच्या इंग्रजी पाटीवरचं स्पेलिंग जसंच्या तसं वाचलं तर ‘काचेगुडा’ होतं. आपण म्हणतो काचीगुडा, आणि तरी १९१६ सालच्या त्या घुमटवाल्या इमारतीशी रिक्षा बिनचूक येऊन थांबते. एका मात्रेचा फरक माणसाचा कान सहज पोटात घालतो.

तिथेच राहणाऱ्या माझ्या भाचीचा परवा फोन आला. अकरावीत आहे, पायथन शिकते. “मामा, पुस्तकात लिहिलंय की व्हेरिएबलला कुठल्याही भाषेतलं नाव चालतं. मग ‘डोंगर’ चाललं आणि ‘दऱ्या’ का अडलं?”

मी माझ्या लॅपटॉपवर ‘दऱ्या’ टाइप करून पाहिलं. मुकाट चाललं. मग तिने पाठवलेली ओळ उचलून चिकटवली, तर लगेच तक्रार: न दिसणारं अक्षर चालणार नाही, क्रमांक यू+२००डी. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या. भिंग लावूनही फरक सापडला नसता.

भानगड त्या अर्ध्या ‘र’ची. हिंदीवाल्यांना त्याची गरज पडत नाही, आपलं मात्र त्याच्यावाचून अडतं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे खोरी. आचार्यांना दक्षिणा द्यायची, आचाऱ्यांना मजुरी. हा ‘र’ संगणकात साठवायचे दोन मार्ग खुद्द युनिकोड या अक्षर-मानकाच्या ग्रंथातच दिलेले आहेत. पहिला इस्की या आपल्या भारतीय मानकाला धरून: नुक्तावाला ऱ घ्या आणि त्याला हलन्त जोडा. दुसरा, युनिकोडच्याच १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून ठेवलेला: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचा एक जोडक. हा जोडक म्हणजेच २००डी. पडद्यावर दोन्हींची आकृती एकच उमटते, पण युनिकोडच्या हिशेबी हे दोन वेगळे मजकूर आहेत. एका पद्धतीने लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या पद्धतीचा हाती लागत नाही तो यामुळेच. भाचीने आपला शब्द आजोबांच्या जुन्या फाइलमधून उचलला होता, आणि तो निघाला जोडकवाला.

पायथनने इंग्रजीबाहेरच्या नावांना दार उघडलं ते २००८ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याच्या अधिकृत माहितीत कुठल्या वर्गातली चिन्हं नावात चालतात याची यादी आहे. अक्षरं आहेत, मात्रा आहेत, पहिली जागा सोडून आकडेही आहेत. आमच्याकडच्या आवृत्तीत जोडक कुठल्याच वर्गात बसत नाही. तेव्हा इथे पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना तपासणारा भाग, नियमाला धरूनच वागला. ‘कुठल्याही भाषेतलं नाव चालतं’ हे क्रमिक पुस्तकाचं वाक्यच सैल होतं. जावास्क्रिप्टच्या मानकाने २००९पासून जोडकाला नावात मुभा दिली आहे. तिथे या दोन दऱ्या शेजारी-शेजारी नांदतात, आणि एकीत ५ व दुसरीत ७ ठेवता येतात. कुणाला छळायचं असेल तर याहून चांगला प्रोग्राम मला सुचत नाही.

उलटाही प्रकार घडतो: नियम कडक आणि दरवान ढिला. फंक्शनला नाव घालून किंमत द्यायची तर ते नाव उघडं हवं, हा पायथनचा हेतू. तरी कित्येक वर्षं तेच नाव कंसात घातलेलं पार्सरने चालवून घेतलं. जुना पार्सर एका वेळी पुढचा एकच शब्द बघायचा. हातात आलेलं नुसतं नाव आहे की आख्खी राशी, हे बरोबरचं चिन्ह दिसेपर्यंत त्याला कळायचं नाही. म्हणून चाळणीची भोकं मुद्दाम मोठी ठेवली होती आणि खडे नंतर वेचले जायचे. हा खडा वेचायचा राहून गेला. २०१९च्या ३.८ आवृत्तीत भोक बुजवलं, आणि सोबतच्या टिपणात असलं काही चालू देण्याचा विचार कधीच नव्हता असा खुलासाही आला. पुढच्याच वर्षी पार्सरच नवा बसवला.

पतंजलीच्या महाभाष्यात एक झकास किस्सा आहे. (वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या भाषांतरामुळे तो मराठीतही वाचता येतो.) एक वैयाकरण विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी म्हणतो, मी याचा ‘प्राजिता’. वैयाकरण म्हणतो, शब्द चुकला. त्यावर सारथी त्याला ऐकवतो की तुम्हाला सूत्र कुठे लागू पडतं ते कळतं, कुठला शब्द इष्ट आहे ते कळत नाही. पार्सर हा असा सारथी. रथ त्याच्या हातात.

आता कुणीतरी ‘संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा’ हा निरोप मला पाठवणारच. त्यातला खरा धागा एवढाच: जॉन बॅकस यांनी १९५९ साली मांडलेली आणि पीटर नाऊर यांनी अल्गॉल ६० या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या अहवालात वापरलेली व्याकरण लिहिण्याची पद्धत पाणिनीच्या पद्धतीशी जुळते. म्हणून तिला पाणिनी-बॅकस म्हणावं, असं पत्र पीटर इंगरमन यांनी १९६७ साली एका अमेरिकी संगणक-नियतकालिकात लिहिलं. नाव रूढ झालं नाही, याची मला हळहळ वाटते. पण त्याच नियतकालिकात, त्याच वर्षी, डोनाल्ड नूथ यांना अल्गॉल ६०मधल्या उरलेल्या अडचणींवर वेगळा लेख लिहावा लागला. इतकी नेटकी सूत्रं, तरी कुठला ‘नाहीतर’ कुठल्या ‘जर’चा, हे काही ठिकाणी ठरत नव्हतं.

हे सगळं मी भाचीला उत्साहाने सांगत होतो. ती मध्येच म्हणाली, “मामा, झालं माझं काम. ‘खोरी’ लिहिलं.”