भारतानंदांच्या मागावर, सातारा ते सांगली

पहाटे साडेपाच
सातारा एसटी स्टँड. औंधकडे जाणारी गाडी अजून फलाटाला लागायची आहे. काम दिवाळी अंकाचं. "परदेशी माणसांनी आपल्याकडे केलेली कामं असा विभाग आहे, सातारा-सांगलीतलं कोणी सुचतंय?" असं संपादकांनी फोनवर विचारलं होतं. मी मॉरिस फ्रीडमन यांचं नाव घेतलं.

"इंजिनिअर ना? मग धरण बांधलं का पूल?"

"दोन्ही नाही. राज्यघटना आणि तुरुंग."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "लिहा. हजार शब्द. फोटो तुम्हीच काढा."

सात
कोरेगाव मागे पडलं, रहिमतपूरला गाडी थांबली. कंडक्टर खाली उतरला, म्हणजे दहा मिनिटांची निश्चिंती. चहा घेता घेता वहीतला पहिला परिच्छेद वाचून काढला. वॉर्सातल्या गरीब ज्यू कुटुंबातले फ्रीडमन विजेचे इंजिनिअर झाले. फ्रान्समध्ये नोकरी केली आणि १९३०च्या दशकाच्या मध्यावर बंगळूरला आले. सर मिर्झा इस्माईल तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना फ्रीडमननी चालवला. मग रमण महर्षींकडे जाणं-येणं सुरू झालं, गांधीजींची ओढ लागली. कान्हनगडच्या स्वामी रामदासांकडून संन्यास घेऊन ते स्वामी भारतानंद झाले. संन्यास घेतल्यावर माणसं बहुधा डोंगरात जातात. हे गेले औंध संस्थानात, कारभाराच्या भानगडीत. मला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटतो तो यामुळे.

साडेआठ
औंध. बाजारपेठ अजून उघडायची आहे. फुलांच्या पाट्या मात्र बसल्या आहेत, कारण यमाईला जाणारे भाविक दुकानदारांच्या आधी उठतात. मीही मूळपीठाचा डोंगर चढायला लागलो. संग्रहालय त्याच वाटेवर आहे आणि ते उघडायला वेळ होता.

वरून औंध नीट दिसतं. संस्थान मात्र दिसत नाही, कारण ते कधी एका जागी नव्हतंच. थोडं इथं, थोडं आटपाडीला, थोडं कुंडलला, एक तुकडा पार विजापुराकडे. अशी बहात्तर गावं आणि सुमारे पाऊण लाख माणसं. मधल्या गावांत इंग्रजांचा मुलूख किंवा दुसऱ्याचं संस्थान. नकाशा पाहून कुणीही म्हणेल, याचा कारभार करायचा तर गावानेच करावा. एका ठिकाणी बसून करणं अवघड.

दहा
श्रीभवानी संग्रहालय. तिकीट काढून आत. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. त्यांनी जमवलेलं हे धन आहे. रविवर्म्याची सैरंध्री इथं आहे, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पही इथंच. माणसं सैरंध्रीपुढे थांबतात आणि मूरच्या शिल्पापाशी गोंधळतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजी सुनेला म्हणाल्या, "डोळं-नाक काढायचं राहिलंय बघ." मी वहीत लिहून घेतलं.

मला हवा होता तो १९३८ सालचा माणूस. राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून परतले होते आणि फ्रीडमनशी त्यांची गट्टी जमली होती. अप्पासाहेबांनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींनुसार, सगळी सत्ता रयतेला देऊन टाकावी हे फ्रीडमननी राजेसाहेबांच्या गळी उतरवलं. त्या वर्षी नोव्हेंबरात राजेसाहेबांच्या वाढदिवशी घोषणा झाली. अप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गेले, गांधीजींनी मसुद्यात लक्ष घातलं आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची घटना लागू झाली. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती व्हायची आणि तालुक्यातून माणसं विधिमंडळात जायची. राजा उरला तो नावाचा.

इतर संस्थानांत तेव्हा प्रजा परिषदांचे लोक हक्क मागून तुरुंगात जात होते. इथं राजाच उलट्या दिशेने निघाला. पण हे सगळं राजेसाहेबांच्या मोठेपणाच्या खात्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. मोठं मन पुष्कळ राजांकडे असतं. त्याचं कलमांत रूपांतर करणारा, हट्टाने मागे लागणारा माणूस जवळ असावा लागतो.

बारा
वडूज, मायणी मार्गे आटपाडी. गाडीत बसायला जागा मिळाली ती मागच्या चाकावर. लिहिणं अशक्य, म्हणून धनुष तकलीचा विचार करत बसलो.

साधी तकली बोटांनी गरकन फिरवायची, सूत ओढायचं, वेग कमी झाला की पुन्हा फिरवायची. फ्रीडमननी तिच्या जोडीला धनुष्य दिलं. उजव्या हातातल्या धनुष्याची पट्टी चातीवर घासली की चाती वेगाने फिरते, डावा हात सूत ओढत राहतो. वेग जास्त, खर्च चरख्यापेक्षा कमी आणि मोडलं तर गावातला सुतार दुरुस्त करील. विजेची यंत्रं बनवणाऱ्या माणसाने इतकं साधं उपकरण करावं, यात मला त्यांची सगळी इंजिनिअरी दिसते. यंत्र चालवणाऱ्याला ते दुरुस्तही करता आलं पाहिजे. औंधची घटना याच डोक्यातून निघाली, असं माझं मत आहे. पाच पंच बिघडले तर गावाने बदलावेत, मुंबईहून कारागीर मागवायला नको.

मायणीच्या पुढे हिरवा रंग विरळ झाला. माणदेश.

अडीच
आटपाडी. स्टँडसमोर पिठलं-भाकरी खाल्ली, मिरचीचा ठेचा मागून घेतला. रिक्षावाल्याला स्वतंत्रपूर म्हणालो.

"कशाला? कोण पावणं हायती का तिथं?"

"नाही. बघायचंय."

"जेल बघायला आलाय व्हय?" तो हसला. "जेल न्हाय ती. वाडीच हाय. भित्तच न्हाय तर जेल कशाची?"

१९३९ साली फ्रीडमननी सुचवलेलं दुसरं काम ते हेच. जन्मठेपेसारख्या शिक्षा झालेल्या माणसांना शेतजमीन द्यायची, बायकामुलांना सोबत राहू द्यायचं आणि पळून जायचं की नाही हे त्यांच्यावर सोपवायचं. आतली परवानगी मी काढली नव्हती, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहिलं. शेतं, घरं, वाळत घातलेले कपडे. फोटोत दाखवावं असं काहीच नाही. फोटोवाल्या संपादकांना हे कसं पटवायचं याची चिंता लागली. कुणाच्या घराचा फोटो काढणं बरं नव्हे, म्हणून फक्त रस्त्याचा काढला.

परतताना एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. ते शेतफळ्याच्या बाजूचे, म्हणजे माडगूळकरांच्या मुलखातले. गदिमांनी स्वतंत्रपुरावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, हे त्यांच्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. बर्लिनच्या महोत्सवात त्या सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं.

"गुरुजी, फ्रीडमनचं नाव इथं कुणाला माहीत आहे?"

"जेलरचं माहीत आहे, कारण जेलर सिनेमात आहे," गुरुजी म्हणाले. "ज्याचा सिनेमा नाही त्याला कोण विचारतंय? तुम्ही चहा घ्या." चहा झाल्यावर त्यांनी 'बनगरवाडी' कादंबरीचा विषय काढला. तिच्यातला तरुण मास्तरही औंध संस्थानचाच नोकर, आणि तालमीच्या उद्घाटनाला वाडीवर येतात ते राजेसाहेबही याच घराण्याचे. गुरुजींचं म्हणणं असं की संस्थानाचा खरा कारभार समजून घ्यायचा तर कायद्याच्या पुस्तकाआधी ती कादंबरी वाचावी. मला हे मान्य आहे.

साडेपाच
भिवघाट, तासगाव, सांगली. उजव्या हाताला, रस्त्यापासून बरंच आत, कुंडल आणि किर्लोस्करवाडी. पूर्वी व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडावं लागल्यावर जागा शोधत होते, तेव्हा याच राजेसाहेबांनी १९१० साली त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. पुढे बेचाळीसच्या धामधुमीत हेच कुंडल प्रतिसरकारचं ठाणं झालं. तिथल्या गावकऱ्यांना तोवर स्वतःचे पंच निवडण्याची काही वर्षांची सवय होती. तिचा उपयोग झाला नसेल, असं म्हणणं मला जड जातं.

रात्री आठ
सांगली. विश्रामबागेत मित्राच्या खोलीवर लॅपटॉप उघडला. लेखाचा शेवटचा भाग औंधच्या बाहेरचा आहे. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि घटना संपली. अप्पासाहेब राजदूत होऊन परदेशी गेले. फ्रीडमननी १९५९नंतर तिबेटी निर्वासितांसाठी काम केलं. मग मुंबईत खेतवाडीतल्या बिडीच्या दुकानदाराकडे, निसर्गदत्त महाराजांकडे ते जाऊ लागले आणि महाराजांचं मराठी बोलणं त्यांनी इंग्रजीत आणलं. 'आय अ‍ॅम दॅट' हे पुस्तक १९७३ साली निघालं आणि जगभर वाचलं गेलं. १९७६च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

म्हणजे घटना जेमतेम नऊ वर्षं टिकली आणि तुरुंग अजून चालू आहे. दोन्ही एकाच डोक्यातून निघालेली, दोन्ही विश्वासावर उभी. घटनेला मुंबई सरकारने आपल्या मोठ्या यंत्रात जागा दिली नाही. तुरुंग छोटा होता, कुणाच्या वाटेत आला नाही, म्हणून राहिला. दिल्ली-मुंबईने तेव्हा उलटं करायला हवं होतं, असं मला वाटतं. संपादक हे वाक्य कापतील बहुतेक.

अकरा वाजता लेख पाठवला, फोटोसह.

एक विनंती राहिली. खटाव, आटपाडी, कुंडल भागात ज्यांचे आजोबा-पणजोबा १९३९ ते १९४८ या काळात औंध संस्थानच्या ग्रामपंचायतीत पंच होते, त्यांच्या माळ्यावर ठराववह्या, पावत्या, निवडणुकीचे कागद असण्याची शक्यता आहे. ते रद्दीत घालू नका. अंकाच्या पत्त्यावर कळवा, मी येऊन पाहीन आणि कागद तुमच्याच घरी ठेवीन.