जुना ट्रॅक्टर, मूळ रंग!

चिखली-मेहकरकडच्या एखाद्या मळ्यात कडुनिंबाखाली गंजत उभा असलेला म्हातारा ट्रॅक्टर पाहिलाय? भंगारवाला त्याचा भाव किलोवर लावतो. देऊ नका! आधी बोनेटवरचं नाव वाचा.

‘बी-२७५’ दिसलं तर समजा, या गड्याचं मूळ घराणं इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं. इंटरनॅशनल हार्वेस्टरचं हे मॉडेल महिंद्राने भागीदारीत भारतात आणलं. त्यासाठी १९६३ मध्ये वेगळी कंपनीच काढली. २७५ हा आकडा महिंद्राच्या बोनेटवर आजही आहे.

‘आयशर’ असेल तर मान आणखी मोठा. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचाच, २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडलेला. जुन्या आयशरात रेडिएटर शोधत बसू नका, तो नसतोच! इंजिन हवेवर थंड होतं. आणि ‘एचएमटी’ असेल तर मोडका नटसुद्धा फेकू नका. झेटर कंपनीच्या मदतीने १९७१ पासून पिंजोरला बनणाऱ्या या ट्रॅक्टरचं उत्पादन बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

राखाडी फर्ग्युसन टीई-२० सापडला तर मात्र लॉटरीच! १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर बनले. याचा स्टार्टर गिअरच्या दांड्यानेच लागतो, त्यामुळे गाडी गिअरमध्ये असताना चालू होऊच शकत नाही. काही फर्ग्युसन पेट्रोलवर सुरू करायचे आणि तापले की रॉकेलसारख्या इंधनावर घ्यायचे. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो याच फर्ग्युसनवर बसून, चाकांना पट्टे चढवून!

आपल्या काळ्या मातीचीही एक गोष्ट आहे. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. कशासाठी? तर कांस नावाच्या चिवट गवताने गिळलेल्या जमिनी ट्रॅक्टरने नांगरून काढण्यासाठी. मुळं इतकी खोल की बैलांचा नांगर तिथे हात टेकायचा. मध्य प्रदेश या मोहिमेत होता, आणि १९५६ पर्यंत आपला बुलढाणा त्याच राज्यात होता.

आता कामाला लागू. पहिली नजर सायलेन्सरवर टाका. त्यावर कुणी शहाण्याने डबा उपडा घालून ठेवला असेल तर त्याचे आभार माना, कारण उघड्या सायलेन्सरमधून पाऊस थेट सिलेंडरपर्यंत उतरतो आणि पिस्टन जाम होतो. जाम इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करायचा मोह होतोच. तो आवरा, रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढा, त्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल सोडा, चार-आठ दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हील हाताने हळूहळू, पुढे-मागे. हलेना? पुन्हा ऑइल, पुन्हा थांबा. घाई केली की इंजिन हातचं जातं. एअर क्लीनर उघडाल तेव्हा आत उंदराचं घरटं मिळालं तर दचकू नका.

रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे. फर्ग्युसनला लाल रंग फासला की त्याची ओळखच पुसली. तो लाल-राखाडी थाट नंतरच्या मॅसी फर्ग्युसनचा. बंपरच्या मागे, सीटखाली, पत्र्याच्या घडीत मूळ रंगाचा तुकडा जपून राहिलेला असतो. तोच पेंटरला दाखवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना तोंडाला मास्क हवाच. आणि इंजिन नंबरची पट्टी? तिच्यावर पॉलिश पेपर चालवू नका, अंगावरून रंगाचा ब्रश फिरवू नका. ट्रॅक्टरचा जन्मदाखला तोच!

पन्नाशी उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट आणली, पण ती दुचाकी आणि मोटारींसाठी. ज्यांनी रानं नांगरली त्यांच्यासाठीही असा नियम व्हायला हवा. तोवर जिल्ह्यातल्या कृषी प्रदर्शनांत नव्याकोऱ्या मॉडेलांच्या शेजारी दोन-चार जुन्या धुरंधरांना जागा द्या. आणि चालू स्थितीत उभे करा, लोकांना तो टक-टक आवाजही ऐकू दे!